यादीत घालणं वेगळं, शिकवणं वेगळं

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. दिवाळीनंतर पुण्याच्या एका नाट्यसंस्थेने प्रयोगाच्या तारखेचं पत्र मराठीत पाठवलं आणि ते चार दिवस जंकमध्ये पडून राहिलं. खजिनदार काका म्हणाले, "अरे, त्यांचा पत्ता यादीत टाक, म्हणजे तुझं यंत्र शिकेल." घोळ होतो तो इथेच. यादीत टाकल्याने यंत्र काहीच शिकत नाही.

आमच्या सर्व्हरवर नको असलेले मेल (स्पॅम) गाळणारा स्पॅमअसॅसिन नावाचा प्रोग्रॅम आहे. तो प्रत्येक मेलला गुण देतो आणि मूळ सेटिंगप्रमाणे बेरीज ५ झाली की स्पॅम ठरवतो. त्या पत्राचा हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी तांत्रिक माहिती, उघडला तर गुण ५.८. त्यातले ३ बेजचे, म्हणजे शब्दांवरून बांधलेल्या अंदाजाचे. उरलेले २.८ नको असलेल्या भाषेचे, कारण चालणाऱ्या भाषांच्या ओळीत पूर्वी कुणीतरी फक्त इंग्रजी लिहून ठेवली होती. मराठी मंडळाच्या सर्व्हरवर मराठीलाच दंड बसत होता, याचं मला फार वाईट वाटलं. मराठी आणि हिंदी त्या ओळीत लगेच घातल्या.

काका म्हणाले ती यादी म्हणजे पांढरी यादी, विश्वासू पत्त्यांची. तिच्यात पत्ता घातला की त्याच्या मेलमधून सरळ १०० गुण वजा होतात. २०२२ च्या ४.० आवृत्तीपासून तिचं नाव स्वागत-यादी झालं, काम तेच. पण साध्या यादीत फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला जातो आणि तो कुणालाही खोटा लिहिता येतो. म्हणून एसपीएफ किंवा डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनकडून आला का हे पाहण्याच्या पद्धती, तपासणारा यादीचा प्रकारच वापरावा. शिवाय स्पॅमअसॅसिन काही मेलवरून आपोआप शिकतो, तेव्हा हे १०० गुण हिशोबात धरले जात नाहीत. त्यामुळे त्याच संस्थेच्या प्रकाशयोजनाकाराने स्वतःच्या पत्त्यावरून लिहिलं, तर ते पत्र पुन्हा जंकमध्ये जाऊ शकतं.

शिकवणं म्हणजे एसए-लर्नला, स्पॅमअसॅसिनच्या शिकवण्याच्या आज्ञेला, चांगलं पत्र 'हॅम' म्हणून दाखवणं. त्यातले शब्द चांगल्या बाजूला मोजले जातात आणि त्याचा फायदा पुढच्या अनोळखी पत्रालाही होतो. मात्र निदान २०० चांगले आणि २०० स्पॅम मेल शिकवल्याशिवाय बेज गुण देतच नाही, आणि एका पत्राने फारसा फरक पडत नाही. आणखी एक चूक मी स्वतः केली आहे: रूट, म्हणजे सर्व्हरचा मुख्य युजर, म्हणून शिकवलं, तर ते रूटच्या डेटाबेसमध्ये जातं. स्पॅमअसॅसिनची चाळणी दुसऱ्या युजरच्या नावाने चालत असेल, तर तिला ते कळतच नाही. आज्ञा त्याच युजरने द्यायची.

स्पॅम ठरवण्याची मर्यादा ५ वरून ७ करणं मला पटत नाही, त्याने खरा स्पॅमही आत येतो. बँकेसारख्या, एक मेल चुकला तरी नुकसान होईल अशा मोजक्या पत्त्यांसाठी यादी. बाकी सगळ्यांसाठी शिकवणी.

सभासदांकडून जुनी मराठी पत्रं मागवून मी दोन आठवडे शिकवत होतो. मग प्रकाशयोजनाकाराचं पत्र आलं, यादीत नसलेल्या पत्त्यावरून. बेजचे गुण होते उणे १.९ आणि पत्र इनबॉक्समध्ये.