कळांचं इंजेक्शन आणि 2018 चा आदेश

कळा येणं, वार पडल्यावर गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबणं आणि पान्हा फुटणं, या तिन्ही गोष्टींमागे ऑक्सिटोसिन हे शरीरातलं संप्रेरक असतं. 1906 मध्ये इंग्लंडमधल्या एका शास्त्रज्ञाने ते ज्यातून रक्तात येतं त्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं हे दाखवलं आणि तीन वर्षांत तो अर्क बाळंतिणींना दिला जाऊ लागला. मात्रेचा भरवसा नसल्याने त्याने बायांचे हालही झाले. 1953 मध्ये अमेरिकेत हा रेणू प्रयोगशाळेत तयार झाला, 1955 मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं आणि औषध स्वस्त झालं.

आपल्याकडे ते दूध उतरवायला गोठ्यातही पोचलं. बडोद्याच्या आसपासचा सगळा पट्टा दुधावर जगणारा, त्यामुळे ‘म्हशीला टोचतात तेच का हे?’ हा प्रश्न इथल्या बाळंतिणीच्या सासूलाही पडतो. रेणू तोच. रोज टोचलेली म्हैस पुढे इंजेक्शनाशिवाय पान्हा सोडत नाही, आणि हा माल बहुतेक चोरट्या कारखान्यांतून येतो. दुधातून ते आपल्या अंगात जातं ही भीती मात्र फुगवलेली आहे, कारण ऑक्सिटोसिन पोटात पचून जातं.

उत्तरेतल्या एका उच्च न्यायालयाने 2016 मध्ये या गैरवापरावर बोट ठेवलं. त्यानंतर एप्रिल 2018 मध्ये केंद्राने आयात बंद केली आणि देशात विकायचं ऑक्सिटोसिन खासगी कंपन्यांनी बनवू नये, कर्नाटकातल्या एकाच सरकारी कंपनीने बनवावं, असं ठरवलं. हे 1 जुलैपासून होणार होतं, ते 1 सप्टेंबरवर गेलं. चोरटा धंदा परवान्याने चालत नव्हता, तेव्हा परवानेवाल्यांना बंद करून तो कसा थांबणार, याचं उत्तर आदेशात सापडत नाही. आणि त्या एका कारखान्यात काही बिघडलं तर प्रसूतीनंतर रक्त थांबवायला काय द्यायचं? भारतात मातामृत्यूंचं मोठं कारण हा रक्तस्रावच. प्रसूतीनंतर दहा युनिटांचं इंजेक्शन हा तो टाळायचा पहिला उपाय, आणि तेही थंडीत ठेवलेलं, नाहीतर त्याचा जोर ओसरतो.

काही कंपन्या आणि औषधांच्या प्रश्नावर काम करणारा एक गट दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 2018 मध्ये न्यायालयाने निर्णयाला शास्त्रीय आधार नाही म्हणत तो रद्द केला. सरकार वर गेलं, आणि ऑगस्ट 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवलं.

या सगळ्या वादात म्हैस होती, रक्तस्राव होता. बाळंतपणाच्या आधी सलाईनमधून चढवल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनची चर्चा जवळपास नव्हती, आणि बायकांच्या अनुभवाचा संबंध जास्त त्याच्याशी आहे. शरीर स्वतःचं ऑक्सिटोसिन थांबून थांबून सोडतं, मधे उसंत मिळते, आणि त्याच वेळी शरीरातलं एंडॉर्फिनही वाढत जाऊन वेदना थोडी सुसह्य करतं. सलाईनमधलं ऑक्सिटोसिन सलग जातं, ते मेंदूपर्यंत जवळजवळ पोचत नाही, आणि मात्रा चढली तर कळा एकीवर एक येतात. भीतीने, परक्या माणसांच्या गराड्याने अॅड्रिनलिन वाढलं की सुरुवातीच्या कळा मंदावू शकतात. मग ‘कळा कमी पडतात’ म्हणून सलाईन लागतं. कधी ते खरंच लागतं, हेही खरं.

घाईला एक जुनं मापही होतं. 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरने पहिलटकरणींच्या प्रसूतीचा आलेख मांडला, त्यातून गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडावं हा नियम जगभर रूढ झाला. फेब्रुवारी 2018 मध्ये, आपल्या आदेशाच्या दोनच महिने आधी, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाने तो नियम सगळ्यांना लागू होत नाही असं सांगितलं, आणि पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंत, आई-बाळ ठीक असतील तर, कळा वाढवायला औषध देऊ नये असंही. परक्यांच्या गराड्यात आधार म्हणून सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या खोलीत घरची एक बाई सोबतीला घ्यायची परवानगी केंद्राने 2016 मध्येच दिली होती.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी अळिवाचे लाडू आणि शेजारच्या काकींचं कातलुं, म्हणजे बाळंतिणीसाठीचा गुजराती गोड पदार्थ, घेऊन लोक बाळंतिणीला भेटायला येतात, तेव्हा ‘नॉर्मल की सिझर?’ एवढंच विचारतात. सलाईन केव्हा लावलं, का लावलं, तिला सांगून लावलं का, हे केसपेपरवर असलं तर असतं.