फारसीभाषक विद्यार्थी आणि इंग्रजी क्रियापदे : सरावपत्रिका वापरणाऱ्या शिक्षकांसाठी

पुण्यात शिकण्यासाठी आलेल्या इराणी व अफगाण विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणारे अनेक शिक्षक आम्हाला विचारतात, की मराठी मुलांसाठी केलेल्या पत्रिकाच यांना का देऊ नयेत. काही पत्रिका खुशाल द्याव्यात. ‘मी दोन वर्षांपासून इथे राहतो’ याला मराठीप्रमाणेच फारसीतही वर्तमानकाळ लागत असल्याने ‘आय लिव्ह हिअर फॉर टू इयर्स’ हे चुकीचे वाक्य दोघांच्याही वहीत सापडते. परीक्षा तर फारसीतही ‘देतात’च, त्यामुळे ‘टेक’ऐवजी ‘गिव्ह’ का आले, हे मराठी शिक्षकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खरी अडचण पुढे आहे. ‘जातो’ आणि ‘जात आहे’ हा भेद मराठी मूल घरूनच घेऊन येते; फारसीत मात्र ‘मीरवम’ या एकाच रूपात हे दोन्ही अर्थ मावतात आणि ‘उद्या जाईन’ असे सांगतानाही बोलण्यात तेच रूप चालते. क्रिया आत्ता चालू आहे हे ठसवायचे असेल, तर इराणी बोलीत ‘दारम मीरवम’ म्हणतात. पण यातल्या ‘दारम’चा मूळ अर्थ ‘माझ्याजवळ आहे’ असा असल्याने त्यावरून इंग्रजीतले ‘ॲम’ सुचत नाही.

याहून चिवट चूक ‘वाँट’नंतरची. मराठीत ‘मला जायचे आहे’ म्हणताना ‘जायचे’ला पुरुषाचा प्रत्यय लागत नाही. फारसीतल्या ‘मीखाहम बेरवम’मध्ये दोन्ही क्रियापदांना ‘मी’ या कर्त्याचा शेवटचा ‘-अम’ हा प्रत्यय लागतो, म्हणजे शब्दशः ‘मी इच्छितो, मी जावे’. ‘आय वाँट आय गो’ हे वाक्य त्यातूनच येते, आणि ‘टू’ विसरलास एवढे सांगून ते सुटत नाही. दुसऱ्या क्रियापदाचा कर्ता इंग्रजीत गाळावा लागतो, हे आधी दाखवावे लागते.

‘ही गोज’ऐवजी येणाऱ्या ‘ही गो’मधला गळलेला प्रत्यय मात्र फारसीच्या माथी मारू नये. फारसी क्रियापद प्रत्येक पुरुषाला वेगळा प्रत्यय घेते, आणि ही चूक जगभरचे विद्यार्थी करतात.

जोडक्रियापदांसाठी, म्हणजे नाम व क्रियापद मिळून होणाऱ्या क्रियापदांसाठी, स्वतंत्र पत्रिका आहे, कारण फारसीत पडणे म्हणजे ‘जमीन खाणे’ आणि सिगारेट ‘ओढतात’.

संच मागवताना विद्यार्थी इराणी आहेत की अफगाण, हे अवश्य कळवावे. चालू काळाच्या पत्रिकेतील उदाहरणे तेहरानी बोलीतील असून दारी (अफगाणिस्तानातील फारसी) बोलणाऱ्यांसाठी ती बदलून द्यावी लागतात.