प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आणि पूरके

मूत्रपिंड किंवा यकृताच्या प्रत्यारोपणानंतर, तसेच ल्यूपस, संधिवाताचे काही प्रकार अशा स्वयंप्रतिरक्षा विकारांत (ज्यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते), शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवणारी औषधे दिली जातात. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, मायकोफिनोलेट, ॲझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट आणि प्रेडनिसोलोन ही त्यांतली नेहमीची. त्यांच्या जोडीला जीवनसत्त्वे, खनिजे, काढे आणि चूर्णे घेण्याचा प्रश्न बडोद्याच्या मराठी घरांत ‘थोडी ताकद यायला काही देऊ का?’ असा निघतो. तो बहुधा स्वयंपाकघरातच सुटतो. डॉक्टरांच्या कानावर जात नाही.

कमतरता भरून काढणारी पूरके आणि ‘इम्युनिटी’ वाढवणारी पूरके यांना एकच माप लावता येत नाही. पहिल्या गटातली कित्येक तर डॉक्टरच लिहून देतात. प्रेडनिसोलोन दीर्घकाळ चालले की हाडे ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. मेथोट्रेक्सेट फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणते, म्हणून फॉलिक आम्ल, बहुधा मेथोट्रेक्सेटचा वार सोडून. (संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते.) टॅक्रोलिमसमुळे रक्तातले मॅग्नेशियम उतरते, म्हणून मॅग्नेशियम. उलट याच औषधाने पोटॅशियम चढते. त्यामुळे पोटॅशियम क्लोराइड असलेले ‘लो सोडियम’ मीठ किंवा रोजचे नारळपाणी अशा रुग्णाला निरुपद्रवी नसते. ६०,००० युनिटांची ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याच्या हिशेबाने दिलेली असते. ती ‘चांगली मानवली’ म्हणून महिनोन्महिने चालू ठेवली, तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडालाच इजा होते.

खरी गुंतागुंत यकृतात आणि आतड्यात आहे. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन आणि त्याच प्रकारचे सिरोलिमस यांचे विघटन मुख्यतः सीवायपी३ए४ या विकरामुळे (एन्झाइममुळे) होते. परिणामकारक मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे, म्हणून सकाळचा डोस घेण्याआधी रक्त देऊन ‘लेव्हल’, म्हणजे औषधाची रक्तातली पातळी पाहतात. हे विकर एखाद्या पदार्थाने मंदावले तर लेव्हल चढते, मूत्रपिंडावर ताण येतो, हात थरथरतात. ते चेतवले गेले तर लेव्हल घसरते आणि नवा अवयव नाकारला जाण्याचा, म्हणजे रिजेक्शनचा धोका उभा राहतो. ग्रेपफ्रूट आणि त्याचा भाऊबंद पपनस पहिल्या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे उदासीनतेवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही युरोपीय वनस्पती. तिच्यामुळे सायक्लोस्पोरिन घसरून हृदयप्रत्यारोपणाच्या दोन रुग्णांत रिजेक्शन झाल्याची नोंद २००० साली प्रसिद्ध झाली. ही वनस्पती आपल्याकडे कुठे, असे म्हणून सुटका होत नाही. बडोद्यातल्या किती घरांत अमेरिकेहून येणाऱ्या बॅगेत ‘हर्बल’ बाटल्या असतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

स्थानिक प्रश्न हिवाळ्यात तीव्र होतो. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू मराठी घरांतले, तर अडदियापाक, मेथीपाक आणि त्यांत पडणारे वसाणे, म्हणजे औषधी मसाले, गुजराती शेजारातून आलेले. गांधियाणाच्या, म्हणजे जडीबुटी-मसाल्यांच्या दुकानात मिळणारे ‘काटलुं’ किंवा ‘बत्रीसुं’ म्हणजे नावाप्रमाणे बत्तीसएक जिनसांचे चूर्ण. त्यात अश्वगंधा, गोखरू, मुसळी, सुंठ आणि गंठोडा, म्हणजे पिंपळीचे मूळ, असे पदार्थ येतात. पिंपळी-मिऱ्यांतले पिपरीन सीवायपी३ए४ला रोखते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजी-आमटीतली हळद, किंवा थंडीत लिंबात मुरवलेली ओली हळद चवीपुरती खाणे वेगळे आणि मिऱ्याचा अर्क मिसळलेल्या कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाच्या कॅप्सूल रोज घेणे वेगळे. हळदीच्या अतिसेवनानंतर टॅक्रोलिमसची विषबाधा झाल्याची नोंदही वैद्यकीय साहित्यात आहे. प्रश्न एका लाडवाचा नाही. थंडीभर रोज एक खाल्ला आणि उत्तरायण (संक्रांत) संपताच बंद केला, तर लेव्हल दोन्ही वेळी हलू शकते.

गुळवेल, गुजरातीत गळो, हा स्वतंत्रच विषय. करोनाकाळात तिचा काढा घरोघरी उकळत होता. तिच्या सेवनानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली. तो वाद बाजूला ठेवला तरी, जी प्रतिकारशक्ती दडपायला रोज औषध घ्यायचे, तीच चेतवायला काढा प्यायचा, हा व्यवहार आतबट्ट्याचाच.

बाकीच्यांचे थोडक्यात. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमयुक्त ॲन्टासिड मायकोफिनोलेटचे शोषण कमी करते. लोहाच्या गोळीनेही तसेच होते का, याबाबत जुने आणि नंतरचे अभ्यास जुळत नाहीत, म्हणून ती आणि मायकोफिनोलेट यांत अंतर ठेवतात. जिममधल्या क्रिएटिनने, मूत्रपिंडाचे काम जोखायला मोजतात ते रक्तातले क्रिएटिनिन वाढते आणि मूत्रपिंड बिघडले की काय, असा घोळ होतो. केसांसाठी घेतलेले जास्त मात्रेतले बायोटिन थायरॉइड आणि ट्रोपोनिनच्या (हृदयविकाराचा झटका ओळखण्याच्या) चाचण्या फसवते. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. प्रोबायोटिकमधले जिवंत यीस्ट अशा रुग्णाच्या रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत.

बडोद्याला औषधांची ओळख जुनी. ॲलेंबिकचा कारखाना इथे १९०७ मध्ये सुरू झाला. प्रत्यारोपणासाठी इथले बरेच रुग्ण नडियाद आणि अहमदाबाद गाठत आले. अहमदाबादच्या किडनी संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी मूळ पेशी (स्टेम सेल) वापरून या औषधांची गरजच कमी करण्याचे प्रयोग केले. पण शस्त्रक्रिया तिकडे आणि औषधे इकडच्या दुकानातून, अशी विभागणी असली की चूर्णाची माहिती मधेच कुठेतरी गळते. शिवाय भारतात पोषणपूरके खाद्यपदार्थ म्हणून विकली जातात. त्यांना चिठ्ठी लागत नाही. म्हणून तपासणीला जाताना फाइलबरोबर घरातल्या सगळ्या बाटल्या आणि पुड्या पिशवीत घालून न्याव्यात. बत्रीसुंच्या पाकिटावर घटकांची यादी छापलेली नसेल, तर दुकानदाराकडून ती लिहून आणावी.