तळ्याकाठचा वाफसा

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला पेठ, हरसूल, त्र्यंबकच्या बाजूला सरकावे तसा तो झपाट्याने वाढत जातो आणि द्राक्षांच्या मळ्यांच्या जागी साग, ऐन, पळस दिसू लागतात. या पट्ट्यातील उतारांवर ठिकठिकाणी ओहोळ अडवून केलेले पाझर तलाव आहेत. राज्यात अशा तलावांची कामे १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर मोठ्या प्रमाणात झाली. अशाच एका तळ्याला मी दरवर्षी दिवाळीनंतर फेरी मारतो. वाट जेमतेम दोन किलोमीटरची आहे आणि चढ नावापुरता, त्यामुळे लहान मुलांनाही ती झेपते आणि कुरकुरत्या गुडघ्यांनाही. पाणी जवळ असले म्हणजे झाडांची चंगळच, अशी समजूत घेऊन आपण काठाने चालू लागतो. प्रत्यक्षात तेथे कोणते झाड कुठे उभे राहील, हे पाण्यापेक्षा मुळांना मिळणारी हवाच अधिक ठरवते.

फेरी बांधावरून सुरू होते. बांधावर गवत आहे, झाड मात्र एकही नाही, आणि ते मुद्दामच ठेवलेले नाही. मोठ्या झाडाची मुळे मातीच्या बांधात खोल शिरतात. झाड मेल्यावर ती कुजतात आणि त्यांच्या जागी राहिलेल्या पोकळ नळ्यांतून पाणी बांध पोखरू लागते.

सांडवा ओलांडून डाव्या काठाला वळले की पाण्यात उभे असलेले चार-पाच वाळके बुंधे दिसतात. त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात. हे बुंधे सागाचे आहेत. तलाव होण्यापूर्वी ते उतारावर होते. पाणी त्यांच्या पायाशी आले आणि ते मेले. पाण्यात उभे असलेले झाड मरते कसे, याचे उत्तर आपल्या शेतकऱ्यांच्या एका शब्दात आहे: वाफसा. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत थोडे पाणी आणि थोडी हवा एकाच वेळी असते, त्या स्थितीला वाफसा म्हणतात. मुळेही श्वास घेतात आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन या पोकळ्यांतूनच येतो. पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की ऑक्सिजनची वाट जवळजवळ बंद होते, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो. आधीचा साठा मुळे आणि जिवाणू मिळून एक-दोन दिवसांत संपवतात.

त्यानंतर मुळांच्या पेशी ऑक्सिजनविना काम चालवू पाहतात. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला एटीपी या ऊर्जावाहक पदार्थाचे ३० ते ३२ रेणू मिळतात. तो नसताना केवळ २. एवढ्या तुटपुंज्या कमाईवर मुळाला पाणी आणि क्षार आत घेण्याचे कामही पेलत नाही, म्हणून पाण्यात पाय असूनही पाने कोमेजतात. कुंडीतील तुळशीला मायेने रोज तांब्याभर जास्त पाणी घालणाऱ्यांनी हे दृश्य घरीच पाहिलेले असते, आणि पाने मलूल दिसली की ते आणखी पाणी घालतात. निफाड-दिंडोरीचा बागायतदार मात्र पावसाची झड लांबली की ‘वाफसा नाही, पांढरी मुळी चालत नाही’, म्हणजे पाणी शोषणारी कोवळी मुळे काम करत नाहीत, असे म्हणतो. त्या एका वाक्यात वरचा सगळा परिच्छेद आला.

आता पाण्यापासून वर काठाकडे नजर न्यावी. पावसाळ्यात बुडणाऱ्या पट्ट्यात लव्हाळे आणि पाणकणीस आहे. पाणकणसाचे पान आडवे तोडले तर आत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसतात; याच वाटेने वरची हवा चिखलातील मुळांपर्यंत पोहोचते. त्याच्या वर करंज, जांभूळ आणि पांढरट, गुळगुळीत सालीचा अर्जुन आहे, ज्यांना काही काळ पाणी साचलेले सोसते. आणखी पंधरा-वीस पावले चढले की साग लागतो. त्याचाच शेजारी ऐन, अर्जुनाचा सख्खा भाऊबंद असूनही, सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल घेऊन निचऱ्याच्या जमिनीवर उभा असतो.

तळ्याच्या शेपटाला ओहोळ आत शिरतो, तेथे थोडे थांबावे. वेग मंदावताच पाणी आधी गोटे टाकते, मग वाळू आणि शेवटी चिकण गाळ. या गाळावरच्या डबक्यांत इंद्रधनुषी तवंग दिसतो आणि कोणीतरी ऑईल सांडले असावे असे वाटून आपल्याला संताप येतो. रागावण्यापूर्वी काडीने तो ढवळून पाहावा. तेलाचा तवंग काडीमागे पुन्हा जुळून येतो. हा मात्र पातळ काचेसारखा तडकतो आणि त्याचे कोनाकोनाचे तुकडे तरंगत राहतात. हा लोहाचा पापुद्रा असतो. आपल्या काळ्या बसाल्ट खडकात लोह भरपूर आहे; ऑक्सिजन नसलेल्या चिखलात ते पाण्यात विरघळते, आणि पृष्ठभागाशी हवा लागताच, बऱ्याचदा जिवाणूंच्या मदतीने, पुन्हा घट्ट होते. चिखलात हवा संपल्याची इतकी सोपी खूण दुसरी नसावी.

उजव्या काठाने झाडीतून परतताना वाट बांधाच्या खालच्या अंगाला उतरते. तळ्यातून पाझरलेले पाणी येथील विहिरीला आणि भाताच्या खाचरांना मिळते. भाताच्या मुळांतही हवेच्या नळ्या असतात, त्यामुळे तो साचलेल्या पाण्यात सुखाने वाढतो. कापणी झाल्यावर त्याच खाचरात हरभरा पेरायचा असतो आणि हरभऱ्याकडे तशा नळ्या नाहीत. गेल्या फेरीत एक आजोबा तेथे उकिडवे बसलेले दिसले. त्यांनी मूठभर माती दाबून तिचा गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकला. गोळा फुटला नाही, नुसता चपटा झाला. ‘अजून चार दिवस,’ असे म्हणून त्यांनी हात धोतराला पुसले.