शेतीच्या उत्पन्न-खर्चाची पाहणी: फॉर्म कुठे मिळतो, कोण पात्र आणि कागद कोणते लागतात

‘त्या सर्व्हेत आमचं नाव घालायचं तर फॉर्म कुठे मिळतो?’ हा प्रश्न वरचेवर येतो. फॉर्म कुठेच मिळत नाही. ना सेतू केंद्रात, ना महा ई-सेवा केंद्रात, ना तलाठ्याकडे. शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्न, खर्च आणि कर्जाची जी सरकारी पाहणी होते, तिच्यासाठी अर्ज करता येत नाही. गाव निवडलं जातं, गावातून घर निवडलं जातं आणि मग माणूस दारात येतो. तो आला की काय करायचं, एवढंच आपल्या हातात असतं. तिथे बहुतेक घरांत घाई होते. ‘लिहा काहीतरी, आम्हाला शेतात जायचंय’ असं सांगून मोकळं होतात.

पाहण्या मुख्यतः दोन, आणि त्यांची सरमिसळ करू नये.

पहिली राष्ट्रीय नमुना पाहणीची, म्हणजे केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याची. तिचं कागदोपत्री नाव शेतकरी कुटुंबांच्या परिस्थितीचं मूल्यांकन असं आहे. ती २००३ मध्ये, मग २०१२-१३ साठी आणि त्यानंतर २०१८-१९ या कृषी वर्षासाठी झाली. शेवटच्या वेळी २०१९ सालात एकाच घरी दोनदा जाऊन विचारलं गेलं. पहिल्या भेटीत जुलै ते डिसेंबर २०१८ चा हिशेब घेतला आणि दुसऱ्या भेटीत जानेवारी ते जून २०१९ चा. पहिल्या भेटीत देशभरातली ५८,०३५ ग्रामीण घरं होती. त्यांच्यावरून सुमारे ९ कोटी ३० लाख शेतकरी कुटुंबांचा अंदाज बांधला गेला. म्हणजे एक घर दीड हजारांहून जास्त घरांच्या वतीने बोलत होतं.

दुसरी पाहणी प्रमुख पिकांचा उत्पादन खर्च काढण्याची. ती १९७०-७१ पासून चालू आहे आणि आपल्या राज्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामार्फत चालते. इथे एका भेटीत काम उरकत नाही. योजनेचा कर्मचारी त्या भागातच राहतो आणि निवडलेल्या शेतकऱ्यांची नोंद हंगामभर ठेवतो. पाळी कधी घातली, किती मजूर लागले, खताच्या किती गोण्या गेल्या, सगळं. प्रत्येक गाव-गटातून दहा शेतकरी घेतात. एक हेक्टरपर्यंतचे दोन, एक ते दोन हेक्टरचे दोन, दोन ते चारचे दोन, चार ते सहाचे दोन आणि सहाच्या वरचे दोन. त्यामुळे बागायतदाराचाच हिशेब जातो आणि कोरडवाहूवाला राहून जातो, ही शंका इथे फारशी टिकत नाही.

पात्रता कशी ठरते

२०१८-१९ च्या पाहणीत शेतकरी कुटुंबाची व्याख्या अशी होती: मागच्या ३६५ दिवसांत शेती, पशुपालन, फळबाग अशा कामांतून ४,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं उत्पादन निघालेलं असावं आणि घरातला निदान एक माणूस स्वतःच्या शेतीकामात असावा, मग ते त्याचं मुख्य काम असो वा दुय्यम. २०१२-१३ ला ही रक्कम ३,००० होती. फक्त दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणारं कुटुंब या व्याख्येत येत नाही.

इथे सातबारावर नाव असण्याची अट नाही, हे लक्षात घ्या. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये मिळायला जमीन नावावर लागते. पाहणीला लागत नाही. बटईने करणारा, खंडाने घेणारा, सासऱ्याच्या नावावरची जमीन कसणारी सून किंवा भूमिहीन असून चार म्हशींवर घर चालवणारी बाई, ही सगळी कुटुंबं इथे मोजली जातात. योजनांच्या याद्यांत जे कधीच दिसत नाहीत, ते सरकारी कागदावर दिसण्याची जागा म्हणजे ही पाहणी. म्हणून बटईदाराने ‘जमीन माझी नाही, मालकाला विचारा’ असं म्हणून टोलवू नये. पीक तुम्ही काढता ना? मग उत्तर तुमचंच.

नाबार्डचीही, म्हणजे शेती आणि ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेचीही, वेगळी पाहणी असते. २०२१-२२ च्या तिच्या फेरीत व्याख्या ६,५०० रुपयांची होती आणि लहान शहरंही धरली होती. तिच्यात शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १३,६६१ रुपये आलं. नमुना पाहणीत २०१८-१९ साठी ते १०,२१८ होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘तीन वर्षांत एवढी वाढ’ असं म्हणणाऱ्यांपासून सावध राहावं. मापं वेगळी आहेत.

कागदपत्रं

सक्तीचं एकही नाही. आधारची झेरॉक्स नाही, बँकेचं पासबुक नाही, फोटो नाही. सगळं तोंडी विचारतात. पण तोंडी सांगताना माणूस विसरतो, म्हणून स्वतःच्या आठवणीसाठी या गोष्टी एका पिशवीत असू द्या: कृषी सेवा केंद्राची बिलं, आडत्याची पट्टी (हमाली, तोलाई, वजावट तिच्यावरच असते), कारखान्याचं ऊस बिल, दूध संस्थेच्या पावत्या, सोसायटीच्या पीक कर्जाचा उतारा, विमा हप्त्याची पावती, पंपाचं वीजबिल आणि ट्रॅक्टरवाल्याला दिलेल्या पैशांची चिठ्ठी असली तर ती. सातबारा आणि आठ-अ क्षेत्र सांगायला उपयोगी पडतात, एवढंच.

या सगळ्यांपेक्षा मोलाची म्हणजे घरची हिशेबवही. आमच्याकडे ती कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानांवर असायची. ‘मंगळवार, खुरपणी, ५ बाया’ एवढंच. तेवढंही पुरतं.

नेमकं चुकतं कुठे

खर्च विचारला की आपण बियाणं, खत, औषध, ट्रॅक्टर आणि बाहेरची मजुरी सांगतो. घरच्यांची मजुरी विचारली की हसतो. ‘घरचंच काम, त्याचे कसले पैसे?’

हिशेबाच्या भाषेत तीन पायऱ्या आहेत. प्रत्यक्ष खिशातून गेलेला किंवा धान्याच्या रूपात दिलेला खर्च म्हणजे ए-२. खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंडही त्यातच येतो. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवली की ए-२ अधिक एफएल. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज धरलं की सी-२. केंद्र सरकार ज्या दीडपट हमीभावाबद्दल बोलतं, तो मधल्या पायरीवरचा दीडपट आहे. २०२५-२६ च्या खरिपाला सोयाबीनचा हा खर्च क्विंटलला ३,५५२ रुपये धरला आणि हमीभाव ५,३२८ जाहीर झाला. दीडपट सी-२ वर हवी, हा शेतकरी संघटनांचा जुना वाद आहे आणि तो खरा आहे. पण पायरी कुठलीही घ्या, घरची मजुरी तिन्हींपैकी दोन पायऱ्यांत आहे.

आता हिशेब करून बघा. समजा, एकरभर सोयाबीनमध्ये नवरा-बायको आठ दिवस खपले आणि गावात रोज ३०० चालू आहे. ते झाले ४,८०० रुपये. एकरी आठ क्विंटल निघालं, तर क्विंटलमागे ६०० रुपये, आणि त्याची दीडपट ९००. ‘घरचंच काम’ म्हणून हे दिवस सांगितले नाहीत, तर तेवढा खर्च त्या शेतापुरता कागदावर झालाच नाही. एका घराने देशाचा भाव हलत नाही हे खरं, पण हे उत्तर एकाच घरात दिलं जात नाही.

बाईचे दिवस तर दुप्पट गळतात. खुरपणी, निंदणी, वेचणी, शेळीचा चारा, धार काढणं. उत्तर देणारा बहुधा पुरुष असतो आणि त्याला हे दिवस आठवत नाहीत. प्रश्न सुरू झाले की घरातल्या बाईला शेजारी बसवा.

उत्पन्नाच्या बाजूलाही गळती असते. घरी खायला ठेवलेली ज्वारी, गुरांचा कडबा, सोयाबीनचं भुस्कट, बियाण्यासाठी राखलेलं, शेजाऱ्याला दिलेलं, याचीही किंमत धरली जाते. विकलं तेवढंच उत्पन्न नव्हे. आणि सावकाराचं, नातेवाइकाचं, दुकानदाराचं उधार म्हणजेही कर्जच. ते लपवलं की अहवालात बँकेचंच कर्ज तेवढं दिसतं.

या आकड्यांचं पुढे काय होतं

कृषी मूल्य आयोग उत्पादन खर्चाच्या नोंदींवरून हमीभावाची शिफारस करतो. शेतकऱ्यांचं उत्पन्न दुप्पट करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या दलवाई समितीने जो पाया धरला, २०१५-१६ चे वर्षाला ९६,७०३ रुपये, तो २०१२-१३ च्या पाहणीवरून पुढे ओढून काढलेला होता. म्हणजे त्या वेळी हजारो घरांनी जे सांगितलं, त्यावर देशाचं उद्दिष्ट उभं राहिलं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा आकडा वेगळाच आहे. २०१२-१३ ला शेतकरी कुटुंबाच्या मासिक ६,४२६ रुपयांपैकी पिकांतून ३,०८१ आणि मजुरी-पगारातून २,०७१ येत. २०१८-१९ ला पिकांतून ३,७९८, तर मजुरी-पगारातून ४,०६३. शेतकरी म्हणवणाऱ्या घराला पिकापेक्षा मजुरी जास्त देऊ लागली. सोसायटीच्या पायरीवर बसलेल्या कुणालाही हे ठाऊक होतं, पण रोजगाराचं धोरण आखणाऱ्यापुढे मांडायला आकडा लागतो. आणि त्याच साली निम्मी, म्हणजे ५०.२ टक्के कुटुंबं कर्जात होती. शेतकरी कुटुंबामागे फेडायचं राहिलेलं कर्ज सरासरी ७४,१२१ रुपये.

या पाहण्या तालुक्याचं चित्र देत नाहीत. नमुना राज्यपातळीचा असतो. ‘आमच्या तालुक्याचं उत्पन्न’ म्हणून कुणी यातला आकडा फेकला तर विश्वास ठेवू नका.

भीती आणि फसवणूक

रेशनकार्ड जाईल, कर लागेल, कर्जमाफीत नाव येणार नाही, म्हणून लोक आकडे दाबतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. सांख्यिकी संकलन कायदा, २००८ खाली घेतलेली माहिती सांख्यिकी कामाखेरीज वापरता येत नाही, आणि अहवालात कुणाचं नाव छापलं जात नाही.

मात्र दारात आलेला माणूस खरा आहे ना, हे आधी पाहा. ओळखपत्र मागा. तुमचं गाव पाहणीत आहे का, हे ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे विचारा. तोवर त्याला चहा पाजून बसवून ठेवायला हरकत नाही. खरा कर्मचारी पैसे मागत नाही, मोबाइलवर आलेला ओटीपी मागत नाही, एटीएमचा नंबर मागत नाही, कुठे अंगठा लावायला सांगत नाही आणि ‘सर्व्हेत नाव आलं की अनुदान मिळेल’ असं आमिष दाखवत नाही. यातलं एक जरी झालं तरी दार लावून घ्या आणि पोलीस पाटलाला फोन करा.