चॉपर सायकलचं हँडल एका बाजूला का पडतं

साधी सायकल नुसती सीटला धरून उभी करा आणि जरा डावीकडे कलवा, हँडलला कुणी हात न लावता पुढचं चाक डावीकडे वळतं. हे आपण सगळ्यांनीच बघितलेलं असतं. मला ते नीट समजलं मात्र घरच्या वर्कशॉपमध्ये चॉपर बनवायला घेतली तेव्हा, कारण त्या सायकलला हीच सवय इतकी जोरात लागली होती की चालण्याच्या वेगात तिला सरळ नेणंच जमेना.

चॉपर म्हणजे लांब पुढे आलेला फोर्क (पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या दोन दांड्या), उंच हँडल, मागे रेललेली सीट. प्रकार मूळचा मोटरसायकलवाल्यांचा, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोक जड गाड्यांचे नको ते पार्ट कापून टाकायचे म्हणून चॉपर. सायकलमध्ये ही स्टाइल १९६३ च्या श्विन स्टिंग-रे पासून चांगलीच पसरली, आणि १९७० च्या सुमारास रॅले चॉपर आली, तिचं मागचं चाक २० इंची आणि पुढचं १६ इंची.

मी जुनी २६ इंची सायकल घेतली, फोर्कच्या दोन्ही दांड्या कापून मधे ३० सेंमी पाइप वाढवला. दिसायला एकदम मस्त. पण फोर्क लांब केला की फक्त फोर्क लांब होत नाही, मागचा एक्सल, म्हणजे चाकाचा आस, जागच्या जागी राहतो आणि त्याच्याभोवती अख्खी फ्रेम वर फिरते. माझ्या मापात ती जवळपास १५ अंश फिरली. पायडलचा एक्सल १० सेंमीच्या वर उचलला गेला, सीट मागे कलली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हेड पाइप, म्हणजे फोर्कची दांडी ज्या नळीतून वर हँडलकडे जाते ती, जमिनीशी ७२ अंशात होती ती ५७ अंशावर आली. पुढचा सगळा त्रास या एका कोनामुळे झाला.

आता हेड पाइपच्या मधोमध जाणारी रेघ तशीच तिरपी खाली जमिनीपर्यंत ओढा. ती जमिनीला टेकते तो एक बिंदू, टायर जमिनीला टेकतं तो दुसरा, आणि साध्या सायकलला टायरचा बिंदू थोडा मागे असतो. या दोघांतल्या अंतराला ट्रेल म्हणतात. ऑफिसच्या खुर्चीचं चाक कसं आपल्या खुंटीच्या मागे ओढलं जातं आणि खुर्ची जिकडे जाईल तिकडे तोंड करतं, तसंच हे. साध्या सायकलला ट्रेल साधारण ६ सेंमी असतो. माझ्या चॉपरला तो निघाला १६ सेंमीच्या आसपास!

मग ट्रेल जास्त म्हणजे सायकल जास्त स्थिर, असं नाही का? मलाही तसंच वाटायचं, आणि त्याला आधारही आहे. डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने मुद्दाम चालवता येणार नाही अशी सायकल बनवायची ठरवलं होतं, त्याचा लेख १९७० मध्ये आला. त्याने पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं दुसरं चाक लावून फिरत्या चाकाचा जायरो परिणाम, म्हणजे भोवऱ्यासारखा आपला कल टिकवून धरायची ओढ, खोडून टाकला, तरी सायकल चालवता येतच होती. नंतर त्याने फोर्क उलटा बसवला, त्याने ट्रेल वाढला, तर ती सायकल नुसती ढकलून सोडली तरी माणसाशिवाय लांबपर्यंत धावत राहायची. चाक पुढे सरकवून ट्रेल उलटा केला, म्हणजे टायरचा बिंदू रेघेच्या पुढे नेला, तेव्हा मात्र चालवणं खरंच अवघड झालं. (म्हणून ट्रेल म्हणजेच सगळं असंही नाही, २०११ मध्ये संशोधकांनी जायरो परिणाम खोडलेली आणि ट्रेल किंचित उलटा असलेली सायकल बनवली, तीही आपली आपण तोल सांभाळते. सायकलचं गणित अजूनही माणसाला चकित करतं आणि मला ते फार आवडतं.)

पण जोन्सच्या सायकलचा हेड पाइप बऱ्यापैकी उभा होता. पाइप आडवा झाला की दुसरी गोष्ट सुरू होते, तिला फ्लॉप म्हणतात. रेघ तिरपी असल्यामुळे हँडल वळवलं की सायकलचं पुढचं टोक किंचित खाली येतं, अगदी मिलिमीटरमध्ये, पण त्यावर तुमचं वजन असतं ना, आणि वजनाला खाली जायची वाट मिळाली की ते जाणारच. म्हणजे तुमचंच वजन हँडलला अजून वळवत राहतं. किती जोरात, ते काढायला ट्रेलला त्या कोनाच्या साइन आणि कोसाइनने गुणायचं. साध्या सायकलला उत्तर येतं १.८ सेंमी, माझ्या चॉपरला ७ सेंमीच्या वर, म्हणजे चौपट. वेगात असताना ते तितकं जाणवत नाही, हळू चालवताना हँडल हातातून ओढून घेतल्यासारखं पडतं.

कोन परत उभा केला तर चॉपरचं रूपच जाईल. मग उरतो ऑफसेट, म्हणजे ती तिरपी रेघ आणि पुढचा एक्सल यांच्यातलं काटकोनातलं अंतर, साध्या फोर्कला खालच्या बाजूला पुढे बाक असतो तो त्याच्यासाठीच. तो ४.५ सेंमी होता, मी फोर्कच्या टोकाला जाड पत्र्याच्या नवीन पट्ट्या कापून एक्सल आणखी ५ सेंमी पुढे नेला. ट्रेल आला १० सेंमीच्या जवळ आणि फ्लॉप ४.५ वर. साध्या सायकलपेक्षा अजूनही जास्तच, पण आता एका हाताने सांभाळता येतो.

हे सगळं वेल्डिंगच्या आधी बघता येतं आणि बघायलाच हवं. फ्रेम भिंतीला लागून उभी करा, हेड पाइपच्या मधून लांब दोरा ताणून जमिनीपर्यंत आणा, एक्सलवरून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूच्या दोन खुणा होतील, मधलं अंतर टेपने मोजा. दोन मिनिटांचं काम आहे, मी ते एकदा न करता फोर्क जोडला आणि नंतर पूर्ण कापला.

आता ताकद. पुढच्या चाकावर येणारं वजन फोर्कला त्याच्या वरच्या टोकाशी वाकवायला बघतं, आणि तिथून एक्सल आडव्या मापात जितका पुढे तितका तो मोड जास्त. साध्या सायकलला हे अंतर १६ सेंमीच्या आसपास, माझ्या चॉपरला ४० च्या वर, म्हणजे जवळपास तिप्पट, आणि खड्ड्यात आपटल्यावरचा दणका वेगळाच. यावर जाड पत्र्याचा पाइप घेण्यापेक्षा मोठ्या व्यासाचा घ्यावा असं माझं ठाम मत आहे. पत्रा तेवढाच ठेवून व्यास २२ मिमीवरून २८ केला तर ताठपणा दुप्पट होतो आणि वजन पावपटच वाढतं. जोडाच्या आत घट्ट बसणारी स्लीव्ह, म्हणजे छोटी नळी, घालायची आणि मगच बाहेरून वेल्ड, नुसता टोकाला टोक लावलेला जोड फोर्कला अजिबात नको.

पाइप पाइपला भेटतो तिथे फट राहू नये म्हणून तोंड कानसीने माशाच्या तोंडासारखं गोल करावं लागतं. सपाट तिरपा काप हवा असेल तर कागद पाइपभोवती गुंडाळून काप मारा आणि कागद उलगडून बघा, कापाची कड हुबेहूब साइन वेव्ह असते. मी तो कागद जपून ठेवलाय.

वेल्ड गार होताना आकसतो आणि पाइपला आपल्याकडे ओढतो, म्हणून आधी समोरासमोर छोटे टाके, मग थोडं इकडे थोडं तिकडे, प्रत्येक वेळी गुण्या लावून. आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप घेऊ नका. लोखंड वितळायला १५०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, जस्त ९०७ अंशालाच उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

फोर्कच्या जोडांवर मी गडद रंग दिलेला नाही, फक्त पातळ पांढरा हात मारलाय. भेग पडायला लागली तर पांढऱ्यावर गंजाची केसाएवढी रेघ आधी दिसते, म्हणून प्रत्येक फेरीआधी टॉर्च घेऊन तिथे बघतो, मगच बसतो.