उटीचा डोंगर आणि ईपीओची सुई

घरातलं कुणी डायलिसिसला जात असेल, तर 'ईपीओचं इंजेक्शन' हा शब्द ओळखीचा असतो. एरिथ्रोपोएटिन हे त्याचं पूर्ण नाव. धडधाकट किडनी हे संप्रेरक स्वतःच तयार करते. किडनी थकली की ते कमी पडतं, रक्त उतरतं आणि एक जिना चढतानाही धाप लागते. १९८९ साली अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली आणि किडनीच्या असंख्य रुग्णांचं वरचेवर रक्त चढवून घेणं थांबलं. सायकलशर्यतींचं नाव ज्याने सर्वांत जास्त घालवलं, तेही हेच औषध.

उटीच्या थंडीत सराव करणाऱ्या धावपटूच्या अंगातही हाच ईपीओ वाढतो. त्यामुळे खेळाच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: डोंगरावर राहून रक्त वाढवलं तर ती मेहनत आणि सुईने वाढवलं तर ती फसवणूक, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे. 'एक नैसर्गिक, दुसरं कृत्रिम' असं म्हणून तो मिटत नाही.

आधी डोंगराचं पाहू. उटी समुद्रसपाटीपासून साधारण २,२४० मीटरवर आहे. तिथल्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण खालच्याइतकंच असतं, पण हवेचा दाब कमी, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. किडनीला याची चाहूल लागते, ती जास्त ईपीओ सोडते आणि हाडांतली मज्जा नव्या तांबड्या पेशी घडवायला घेते. पेशींना ही चाहूल नेमकी कशी लागते, याच्या शोधाला २०१९ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तीन-चार आठवडे मुक्काम केला तर शरीरातलं एकूण हिमोग्लोबिन साधारण तीन ते पाच टक्के वाढतं. काहींचं जेमतेम वाढतं. पुरेसा ऑक्सिजन मिळू लागला की किडनी आपणहून हात आखडता घेते. या सगळ्याची किंमतही मोजावी लागते. झोप उडते, भूक मंदावते, आणि विरळ हवेत खालच्या वेगाने पळताच येत नाही. त्यावर 'राहायचं वर, पळायचं खाली' हा तोडगा निघाला. १९९७ च्या एका गाजलेल्या अमेरिकी प्रयोगात धावपटू २,५०० मीटरवर राहिले आणि १,२५० मीटरवर पळाले.

उंचीचं महत्त्व जगाला कळलं ते १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये. मेक्सिको सिटीची उंची जवळपास उटीएवढीच. तिथे १०,००० मीटरच्या शर्यतीनंतर ऑस्ट्रेलियाचा विश्वविक्रमवीर रॉन क्लार्क कोसळला, त्याला ऑक्सिजन लावावा लागला. शर्यत जिंकली केनियाच्या नफ्ताली टेमूने. तेव्हापासून लांब पल्ल्याचे प्रशिक्षक डोंगर शोधू लागले. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला सराव करत होता, तेही अठराशे मीटरच्या वर आहे. बर्मिंगहॅमला ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण हुकलं ते अवघ्या पाच शतांश सेकंदाने. रक्तातल्या तीन-पाच टक्क्यांसाठी माणसं घरदार सोडून डोंगरावर का जातात, हे एवढ्यावरून कळावं.

आता सुई. फरक सुरू होतो तो किडनीच्या त्या आखडत्या हातापासून. इंजेक्शनला असा लगाम नाही. जितकं टोचाल, तितक्या पेशी. रक्तातला पेशींचा वाटा, म्हणजे हिमॅटोक्रिट, निरोगी पुरुषात साधारण ४५ टक्क्यांच्या आसपास असतो. नव्वदच्या दशकात सायकलपटू तो ५० च्या पुढे ढकलत होते. रक्त घट्ट होतं, गुठळी होण्याचा धोका वाढतो. ईपीओ ओळखणारी चाचणी तेव्हा नव्हती, म्हणून १९९७ मध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेने पुरुषांसाठी ५० टक्क्यांची मर्यादा घातली. व्हायचं तेच झालं: मर्यादेच्या जरा खाली राहण्याएवढंच टोचून घ्यायचं, अशी वाट अनेकांनी धरली. पुढच्याच वर्षी फेस्टिना संघाच्या गाडीत औषधांचा साठा सापडला आणि तूर द फ्रान्स ही नावाजलेली सायकलशर्यत हादरली. याच शर्यतीचा १९९६ चा विजेता ब्यार्न रीस याने २००७ मध्ये स्वतःच ईपीओ घेतल्याची कबुली दिली.

मला यात सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. किडनीच्या रुग्णाला हे औषध देताना डॉक्टर हिमोग्लोबिन साधारण ११-१२ च्या वर नेत नाहीत, कारण त्यापुढे पक्षाघाताचा आणि गुठळ्यांचा धोका वाढतो हे मोठ्या चाचण्यांत दिसलंय. ज्याला औषधाची खरी गरज आहे त्याच्यासाठी डॉक्टर जिथे थांबतात, त्याच्या कितीतरी पुढे असलेला धडधाकट तरुण तिथून सुरुवात करतो. खेळाडूला हे टोचणाऱ्या डॉक्टरला मी माफ करू शकत नाही.

पकडायचं कसं? औषधातला ईपीओ चिनी हॅमस्टरच्या पेशींत वाढवलेला असतो. संप्रेरक तेच, पण त्याला चिकटलेल्या शर्करेच्या साखळ्या वेगळ्या. फ्रान्सच्या प्रयोगशाळेने लघवीतून हा फरक दाखवला आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून चाचणी सुरू झाली.

तरी 'नैसर्गिक' या शब्दावर फार भार टाकू नये. फिनलंडचा स्कीपटू एरो मँटिरँटा १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णं जिंकला. त्याच्या घराण्यात ईपीओला जास्त प्रतिसाद देणारा जनुकीय बदल होता, हे पुढे १९९३ मध्ये सिद्ध झालं. जन्मजातच त्याचं रक्त इतरांपेक्षा खूप दाट होतं. त्याला फसवा म्हणता येत नाही, आणि बाकीच्यांना समान संधी होती असंही म्हणता येत नाही.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, तीन कसोट्या लावते: कामगिरी वाढते का, आरोग्याला धोका आहे का, खेळाच्या वृत्तीला बाधा येते का. तिन्हींपैकी दोन लागू पडल्या तर बंदीचा विचार होतो. डोंगर पहिलीतच अडकतो, सुई तिन्हींत. खरी पंचाईत होते ती मधल्या गोष्टींची. घरातच तंबू लावून आत ऑक्सिजन कमी करायचा आणि रात्रभर त्यात झोपायचं. वाडाच्या नीतिविषयक समितीला हे खेळाच्या वृत्तीविरुद्ध वाटलं होतं, पण २००६ मध्ये संस्थेने बंदी घातली नाही. झेनॉन वायू हुंगून ईपीओ वाढवण्यावर मात्र २०१४ मध्ये बंदी आली. माझ्या मते तंबूचा निर्णय बरोबर होता. तंबूत लगाम शरीराच्याच हातात राहतो, आणि डोंगरावर जाणं न परवडणाऱ्याला तो कदाचित स्वस्तही पडतो. झेनॉन शरीराला ऑक्सिजन कमी नसताना कमी असल्याचा भास करून देतो. ती दिशाभूल आहे.

आज खेळाडूंच्या रक्ताची नोंद वर्षानुवर्षं ठेवली जाते, तिला जैविक पासपोर्ट म्हणतात. डोंगरावरून उतरल्यावर रक्ताचे आकडे बदलतात आणि ते संशयास्पद दिसू शकतात. म्हणून नमुना देताना खेळाडूला विचारलं जातं: गेल्या दोन आठवड्यांत उंचावर होतात का, कुठे, किती दिवस? ऑक्सिजन कमी करणारा तंबू वापरलात का? रक्त दिलंत किंवा चढवून घेतलंत का? उटीहून परतलेला धावपटू तिथे उटी लिहितो, उंची लिहितो, मुक्कामाचे दिवस लिहितो आणि खाली सही करतो.